पैलवानाचा पावसाळा

कोल्हापुरात जून लागला की ऊन शोधून सापडत नाही, आणि रेड-इअर्ड स्लायडर जातीचं पाणकासव पाळणाऱ्याची खरी कसोटी तिथंच लागते. उन्हाळाभर माझं कासव, पैलवान, गच्चीवर सकाळचं कोवळं ऊन खात होता. यंदा पहिल्या वळवालाच त्याचा मुक्काम खालच्या खोलीत हलवला.

५०० लिटरची काळी टाकी वरून कापून घेतली, त्यात अर्ध्याच्या जरा वर पाणी. कवचाच्या दर सेंटीमीटरला साधारण १५ लिटर, हा हिशोब धरलाय. पाणी हीटरवर २५-२६ अंशांला. बसायला विटांवर शहाबादी फरशीचा तुकडा, खडबडीत बाजू वर. गुळगुळीत फरशीवरून तो घसरून धप्पकन पाण्यात पडतो आणि मग तास तासभर वर येत नाही. फरशीवर बल्बखाली ३२-३३ अंश, शेजारी यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांची) लांब ट्यूब, ३० सेंटीमीटरवर.

खिडकीजवळ ठेवलं की झालं, असं अजून बरेच जण म्हणतात. नाही होत. काच यूव्हीबी अडवते. यूव्हीबी नसेल तर अंगात ड-३ जीवनसत्त्व बनत नाही, आणि कॅल्शियम कितीही चारा, कवचापर्यंत पोचत नाही. ट्यूब दिसायला लखलखीत असली तरी तिची यूव्हीबी वर्षभरात उतरते, म्हणून मी बसवल्याची तारीख पट्टीवर मार्करनं लिहून ठेवतो.

गणपतीच्या सुमारास कात टाकायला लागला. पाठीवरचा एकेक खवला कडेनं उचलतो, खाली हवेचा चंदेरी पट्टा दिसतो, आणि एक दिवस अख्खा पापुद्रा पाण्यावर तरंगतो. प्लास्टिकसारखा पारदर्शक, त्यावर खवल्याची नक्षी जशीच्या तशी. नखानं खरवडायचा मोह आवरा. खालचं कवच कडक आणि बिनवासाचं असेल तर काळजी नाही. मऊ लागलं, घाण वास आला किंवा कासव एका अंगावर कलंडून पोहायला लागलं, तर तडक डॉक्टर.

खाणं आता बदललंय. पिल्लू असताना मांसाहारी, मोठेपणी पाल्याकडं कल, हा स्लायडरचा स्वभावच. पेलेट, म्हणजे तयार खाण्याच्या गोळ्या, एक दिवसाआड, एका वेळी त्याच्या डोक्याएवढ्याच. बाकी अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक शेवाळासारखं नेचं. गवळ्याकडनं मूठभर आणला, शेण कालवलेल्या पाण्याच्या घमेल्यात सोडला. आता उपसून दमतोय. धुऊन टाकायचा. डब्यातली वाळकी कोळंबी मला पटत नाही, ती म्हणजे नुसता चिवडा. रंकाळ्याचं केंदाळ फुकट मिळतं म्हणून आणू नका, त्यात सांडपाणी असतं. आणि कंटाळा आला म्हणून कासव तिथं सोडूही नका. ही अमेरिकेची जात, आपल्या कासवांच्या तोंडचा घास काढते.

आज्जीचं मत वेगळंच. "म्हादेवाच्या देवळातलं कासव बरं बाबा, त्याला रोज गिळाय लागत न्हाई." तरी येता-जाता पैलवानाला हात जोडतेच.

आजचं माप : कवच १६ सेंटीमीटर, वजन ६९० ग्रॅम. पावसाळ्याआधी ६४० होतं. एवढा झाला तरी पुढची नखं आखूड, शेपूट बारीक. म्हणजे पैलवान मादी निघाली. नर नसला तरी मादी अंडी घालते, आणि उकरायला जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडतात. तेव्हा पुढचं काम ठरलं : टाकीशेजारी ओलसर वाळू-मातीची पेटी, फूटभर खोल, आणि तिथपर्यंत चढायला उतरती फळी.