केबलच्या बिलातलं रटगर्स

अमेरिकेत आले तेव्हा माझ्या ओळखीचे दोघंच होते: नवरा आणि टीव्ही. नवरा सकाळी सातच्या गाडीनं मॅनहॅटनला जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. टीव्ही दिवसभर घरीच असायचा. २००६ चा सप्टेंबर. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला, दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामागून मिळणाऱ्या बायकोच्या व्हिसावर, त्यात नोकरी करायची परवानगी नाही. मला गाडी चालवता येत नाही, आणि चालत जाण्यासारखं काही म्हणजे काही नाही.

त्या टीव्हीची पहिल्या आठवड्यातच एक गंमत लक्षात आली. मी राहत होते न्यू जर्सीत, पण बातम्या सगळ्या न्यूयॉर्कच्या. ब्राँक्समध्ये कुठे आग लागली, कुठल्या पुलावर गाड्या तुंबल्या, न्यूयॉर्कचे महापौर काय म्हणाले. साताऱ्यात राहून रोज सकाळी सायन-पनवेल रस्त्यावरच्या ट्रॅफिकची खबर ऐकावी, तसं. माझ्या गावात काय चाललंय ते टीव्हीला ठाऊकच नव्हतं.

कारण नंतर कळलं. टीव्हीवर कोण काय बघतं हे मोजणाऱ्या निल्सन कंपनीनं अख्ख्या अमेरिकेचे २१० तुकडे पाडलेत. एकेक तुकडा म्हणजे एकेक टीव्ही मार्केट. त्यात पहिला नंबर न्यूयॉर्कचा, सत्तर लाखांहून जास्त घरं. न्यू जर्सीचा उत्तरेकडचा भाग त्या न्यूयॉर्कमध्ये मोडतो आणि दक्षिणेकडचा फिलाडेल्फियात. आमचं एडिसन न्यूयॉर्कच्या बाजूला, आणि गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावरचं प्रिन्स्टन फिलाडेल्फियाच्या बाजूला. दोन्ही टोकांना तोट्या लावलेलं पिंप, असा न्यू जर्सीबद्दलचा एक जुना टोमणा आहे. टीव्हीच्या बाबतीत तर तो शब्दशः खरा.

इथल्या लोकांना याची इतकी सवय झालीय की जायंट्स आणि जेट्स हे न्यूयॉर्कचे दोन्ही फुटबॉल संघ (इथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा तो) आपले घरचे सामने न्यू जर्सीत खेळतात, मैदान आमचं, पार्किंगची कोंडी आमची, आणि नाव मात्र ‘न्यूयॉर्क’. याचं कुणाला काही वाटत नाही.

तर अशा या राज्याचं स्वतःचं, हक्काचं, नावानिशी जे काही आहे ते म्हणजे रटगर्स. सरकारी विद्यापीठ. स्थापना १७६६ ची, म्हणजे पानिपतानंतर पाच वर्षांनी. आमच्या घरापासून त्याचं फुटबॉलचं स्टेडियम गाडीनं पंधरा मिनिटांवर.

९ नोव्हेंबर २००६, गुरुवार. नवरा रात्री घरी आला तो कोट काढायच्या आधीच म्हणाला, “आज एम्पायर स्टेट लालभडक केलीय. रटगर्ससाठी.” त्याचं ऑफिस तिथून जवळच, पेन स्टेशनला चालत जाताना ती इमारत रोजच डोक्यावर असते. तिचे दिवे सणासुदीला रंग बदलतात हे माहीत होतं, पण एका कॉलेजच्या सामन्यासाठी? आम्ही टीव्ही लावला. लुइव्हिल नावाचा संघ आलेला, देशात तिसऱ्या क्रमांकाचा. रटगर्स आधी पंचवीस-सात असं मागे होतं, आणि आता बरोबरी झालेली. वरच्या मजल्यावर कुणीतरी पाय आपटत होतं. शेवटची काही सेकंदं उरली असताना जेरेमी इटो या खेळाडूनं किक मारली आणि ती चुकली. वरचे पाय थांबले. मग कळलं की समोरच्या संघानं चूक केलीय, किक पुन्हा होणार. नो-बॉलवर बाद झालेला फलंदाज परत क्रीजवर यावा, तसा तो परत आला आणि या वेळी मारली. २८-२५. वरून छत खाली येतंय की काय असं वाटलं. खेळातलं ओ की ठो कळत नसताना आम्ही दोघं टाळ्या वाजवत होतो.

मला खरं नवल वाटलं ते नंतर टीव्हीवर दिसलेल्या माणसांचं. मैदानात धावत घुसलेली पोरं ठीक आहे, पण पन्नाशी-साठीची माणसं रडत होती. कॉलेज सोडून तीस वर्षं झाल्यावर! आपल्याकडे कॉलेजच्या क्रिकेट संघाचं नावसुद्धा शेजारच्या वर्गाला माहीत नसतं. विद्यापीठांच्या आंतरस्पर्धा होतात, बघायला कोण जातं? मग विचार केला आणि आठवलं, आपलंही असं एक आहे की. भरत नाट्य मंदिर, पुरुषोत्तम करंडक, घसा फाटेपर्यंत ‘आव्वाज कुणाचा’. आमच्या कॉलेजची एकांकिका अंतिम फेरीत गेली त्या वर्षी मी तीन दिवस बोलू शकत नव्हते. त्या आरोळ्या पन्नास हजारांच्या मैदानात नेऊन ठेवा, वर टीव्हीचे कॅमेरे लावा आणि प्रशिक्षकाला वर्षाला लाखो डॉलर पगार द्या. झालं अमेरिकन कॉलेज फुटबॉल.

आणि याची सुरुवातच रटगर्सला झालीय. कॉलेजांमधला फुटबॉलचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू ब्रन्सविकमध्ये झाला, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन. गांधीजी तेव्हा पोरबंदरला महिन्याभराचे होते. एकेका बाजूला पंचवीस जण, चेंडू गोल, हातात घेऊन पळायचं नाही, म्हणजे आजच्या खेळाशी त्याचं नातं पणजोबा-पणतूचंच. आपला माणूस ओळखू यावा म्हणून रटगर्सच्या पोरांनी डोक्याला लाल रुमाल गुंडाळले होते, फेट्यासारखे. हे वाचलं त्या दिवशी मला हा संघ जरा जवळचा वाटायला लागला. ते सहा-चार असं जिंकले. आठवड्यानं प्रिन्स्टनच्या मैदानावर आठ-शून्य असे हरले, पण ते इथे कुणी फारसं सांगत नाही.

आता बिलाची गोष्ट.

बिग टेन म्हणून एक संघटना आहे, मूळची शिकागो, मिशिगन, ओहायो अशा मधल्या पट्ट्यातल्या मोठ्या विद्यापीठांची. नाव ‘टेन’ पण दहा सदस्य कधीचेच मागे पडलेत. २००७ साली त्यांनी स्वतःचं टीव्ही चॅनेल काढलं. २०१२ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की मेरीलँड आणि रटगर्स या दोघांना आत घेतोय, आणि २०१४ च्या जुलैपासून ते झालंही. शेकडो मैल लांबच्या या संघटनेला रटगर्स कशाला हवं होतं? खेळात काही फार मोठा दरारा नव्हता. उत्तर आमच्या दिवाणखान्यात होतं. चॅनेल केबलवाल्याकडून दर घरामागे पैसे घेतं. ज्या प्रदेशात संघटनेचं विद्यापीठ आहे तिथे दर घरामागे महिन्याला साधारण डॉलरच्या आसपास, इतरत्र काही सेंट. रटगर्स आत आलं की न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कचं मार्केट ‘घरचं’ झालं. तुम्ही सामना बघा, नका बघू, त्या वेळी तुमच्याकडे मराठी मालिका चालू असो. चॅनेल पॅकेजात असलं की पैसे गेले.

म्हणजे रटगर्स न्यूयॉर्कमध्ये लोकप्रिय आहे का, हा प्रश्न त्या व्यवहारात कुणाला पडलाच नव्हता. घरं लोकप्रिय होती. एडिसनच्या ओक ट्री रोडवर साडी आणि सामोसे घ्यायला येणारे आम्ही सगळे, ज्यांनी आयुष्यात एक टचडाउन धड बघितलेला नाही, त्या नकाशावर रटगर्सचे प्रेक्षक म्हणून जमा होतो.

यात आणखी एक मेख होती, ती मला नवऱ्याच्या ऑफिसमुळे कळली. त्याच्या टीममध्ये मिशिगनचे दोन, पेन स्टेटचे तीन, ओहायो स्टेटचा एक, म्हणजे सगळे बिग टेनवाले. रटगर्सचे? एक मुलगी, आणि तीही गुजराती, तिला फक्त बास्केटबॉल आवडायचा. नोकरीसाठी सगळा देश न्यूयॉर्कला येतो आणि आपापलं कॉलेज मनात घेऊन येतो, जसा पुण्यात येणारा कोल्हापूरकर तांबडा-पांढरा घेऊन येतो. बिग टेनला न्यूयॉर्कमध्ये आपलीच माणसं सापडणार होती. रटगर्स फक्त दार होतं.

हे डोळ्यांनी बघितलं २०१६ मध्ये. माझी आई सहा महिने आली होती. ८ ऑक्टोबर, नवरात्र चाललेलं, एडिसनमध्ये गरब्याची धामधूम. नवऱ्याला ऑफिसातल्या एका मिशिगनवाल्यानं तिकीट दिलं म्हणून तो स्टेडियमवर गेला आणि आम्ही दोघी घरी टीव्हीसमोर निवडायला भाजी घेऊन बसलो. मैदान रटगर्सचं, पण गॅलऱ्यांत मिशिगनचा पिवळा रंग जागोजागी. आईनं विचारलं, “यातले आपले कोणते?”

“आपले असं काही नाही गं.”

“नाही कसं? हे इथलेच ना? लाल ते आपले.”

दहा वर्षं मी त्या गावाशेजारी राहत होते आणि रटगर्सला ‘आपले’ म्हणायला पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली बाई लागली. आपल्यांचं त्या रात्री जे झालं ते सांगवत नाही. आई दर दहा मिनिटांनी विचारायची, “किती झाले?” शेवटी मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तर. “आणि आपले?” शून्य. ती मेथीची जुडी संपवून म्हणाली, “मग अजून खेळतायत कशाला? घरी जा म्हणावं, जेवून घ्या.”

त्याच हंगामात ओहायो स्टेटकडून अठ्ठावन्न-शून्य, मिशिगन स्टेटकडून एकोणपन्नास-शून्य, पेन स्टेटकडून एकोणचाळीस-शून्य. बारातले दोन जिंकले. केबलचं बिल मात्र एका महिन्यानंही हरलं नाही.

मग न्यूयॉर्कचं काय? माझं प्रामाणिक मत, न्यूयॉर्क कुठल्याच कॉलेजचं नाही. त्या शहराकडे बेसबॉलचे दोन, फुटबॉलचे दोन, बास्केटबॉलचे दोन संघ आहेत, शिवाय बाकीचे. कॉलेजांनी मात्र पिच्छा सोडलेला नाही. चारशे किलोमीटरवरचं सिरॅक्यूज ‘न्यूयॉर्कचं कॉलेज’ म्हणून स्वतःची जाहिरात करत आलंय. कनेटिकटचा बास्केटबॉल संघ मॅनहॅटनच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खेळायला येतो तेव्हा वाटावं त्यांचंच अंगण आहे, आणि २०२३, २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं ते देशाचे विजेतेही झाले. क्वीन्समधलं सेंट जॉन्स खरोखर शहरात आहे, त्याला वेगळं सांगावं लागत नाही. या गर्दीत रटगर्स जिंकतं तेव्हा शहर मान वळवून बघतं, एखाद्या रात्री दिवे लाल करतं, आणि दुसऱ्या दिवशी बेसबॉलच्या यांकीजकडे वळतं. २०२३ च्या डिसेंबरात रटगर्सनं यांकी स्टेडियमवरच मायामीला ३१-२४ हरवलं तेव्हा असं एक दिवस झालं होतं.

फुकट मात्र यातलं काहीच नाही. बिग टेनमध्ये येऊनही रटगर्सचा खेळांचा विभाग वर्षानुवर्षं तुटीत आहे आणि ती तूट भरून काढायला विद्यापीठाचा पैसा आणि विद्यार्थ्यांच्या फीतला वाटा जातो. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मी हे कोरडेपणानं सांगू शकत होते. आता मुलगा तिथेच पहिल्या वर्षाला आहे. फीचं पत्रक आलं तेव्हा नवरा म्हणाला, “आधी केबलमधून देत होतो, आता थेट.”

केबल आम्ही कधीच बंद केली होती. आमच्यासारख्या लाखोंनी केली, आणि दर घरामागे डॉलर हे गणितही त्यामुळे लंगडं पडलं. आता नुसती घरं मोजून भागत नाही, बघणारे डोळे लागतात. म्हणून बिग टेननं २०२४ मध्ये थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची चार विद्यापीठं घेतली, लॉस एंजेलिसची दोन, शिवाय ओरेगॉन आणि वॉशिंग्टन. ‘टेन’मध्ये आता अठरा.

त्यातलं ओरेगॉन २०२५ च्या १८ ऑक्टोबरला आमच्याकडे खेळायला आलं. शनिवार, आणि नेमकी धनत्रयोदशी. मुलाला म्हटलं, दिवा लावायला तरी घरी ये, पंधरा मिनिटांचा रस्ता. तो म्हणाला, “आई, होम गेम आहे.” लाल शर्ट घालून स्टेडियममधून फोटो पाठवला, मागे दोस्त, त्यात एक देशपांडे आणि एक रेड्डी, तोंडं रंगवलेली. मी दिवा लावला, धणे-गूळ ठेवला आणि म्हटलं बघू या टीव्हीवर कुठे दिसतो का. सामना होता बिग टेनच्याच चॅनेलवर. ज्याचे पैसे आम्ही न बघता इतकी वर्षं भरले, ते आता बघायचं होतं तर घरात नव्हतं. नवरा अर्धा तास कुणाकुणाचे पासवर्ड मागत होता.

रात्री झोपायच्या तयारीत होतो तर पुण्याहून आईचा फोन. तिकडे रविवारची सकाळ. नातवानं तिलाही फोटो पाठवला होता.

“काय झालं गं मॅचचं? आपले किती?”

“दहा.”

“आणि त्यांचे?”

“छप्पन्न.”

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

“मग सुधारलेत की,” आई म्हणाली.