रतनगड गोल : शिडीने वर, त्र्यंबक दरवाजाने खाली

रतनगडावर बहुतेक मंडळी शिडीने चढतात आणि शिडीनेच उतरतात. रविवारी सकाळी त्या शिडीखाली लागलेली रांग एकदा पाहिली, की दुसरी वाट आपोआप आठवते. आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पायथ्याच्या रतनवाडीतून निघालो, दुसऱ्या बाजूच्या साम्रद गावाला उतरलो आणि रस्त्याने चालत पुन्हा रतनवाडी गाठली. मी, ताई आणि तिचा चौदा वर्षांचा मुलगा. तिघांना चालायची सवय आहे, पण दोर-बिर लावणाऱ्यातले आम्ही नाही. तरीही झेपलं. फक्त वेळेचं गणित चुकलं, आणि ते कसं चुकलं हे सांगायलाच हे लिहितोय.

नाशिकहून घोटीमार्गे शेंडी. शेंडी म्हणजे भंडारदरा धरणाचं गाव. तिथून जलाशयाला वळसा घालत मुतखेल, कोलटेंभे करत रस्ता रतनवाडीला जातो. एसटीच्या भरवशावर इकडे येऊ नका. स्वतःची गाडी नाहीतर शेंडीतून जीप. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून पैसे भरावे लागतात. सुटे ठेवा. आम्ही आदल्या संध्याकाळीच पोचलो आणि एका घरी मुक्काम केला. सकाळी शहरातून निघून त्याच दिवशी गोल पूर्ण करायचा बेत असेल तर सोडून द्या.

रतनवाडीतलं अमृतेश्वराचं मंदिर मात्र घाईत उरकू नका. शिलाहार काळातलं देऊळ, आणि बाहेरच्या भिंतीवर असं कोरीवकाम की ताई सकाळी साडेसहालाच तिथे अडकली. देवळाजवळची पुष्करणीही पाहा. शक्य असेल तर हे आदल्या संध्याकाळी.

ज्यांच्या घरी राहिलो त्या मामांनी रात्री भाकरी मोडता मोडता सगळा बेत एका वाक्यात सांगितला होता : "शिडीनं चढा, त्र्यंबकानं उतरा, पण दोन वाजायच्या आत नेढं सोडा." नेढं म्हणजे गडमाथ्याच्या कातळातलं आरपार भोक. आम्ही मान डोलावली. वाक्याचा शेवटचा तुकडा मात्र डोक्यात शिरला नाही.

निघालो सातला. सुरुवातीला वाट प्रवरेच्या पात्राला धरून जाते आणि ओढा दोन-चारदा ओलांडावा लागतो. ऑक्टोबरात घोट्याएवढं पाणी होतं. जुलै-ऑगस्टमध्ये हेच पाणी गढूळ आणि जोरात असेल तर पुढे जाऊ नका. मग दाट झाडी आणि चढ सुरू. मध्ये एक फाटा कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या बाजूला जातो. तिकडची वाटही चांगली मळलेली असल्याने बोलत बोलत चालणारा सहज फसतो. फाट्यावर थांबा, बघा, मग वळा.

दोन तासांत शिडीपाशी आलो. लोखंडी शिड्या आहेत, पक्क्या वाटल्या, पण पावसाळ्यात दांडा निसरडा होतो. एका वेळी एकानेच चढायचं. खाऊची पिशवी हातात धरू नका, सॅकमध्ये टाका. वानरं तिथे त्याचसाठी बसलेली असतात. भाच्याची चिक्की गेली. वर गणेश दरवाजा, रत्नादेवीची गुहा, मग हनुमान दरवाजा. राणीचा हुडा नावाच्या बुरुजावरून खाली भंडारदऱ्याचं पाणी आणि त्याच्यामागे कळसूबाईची रांग दिसते. सोनकीने माथा पिवळा झाला होता.

आणि नेढं. गडाची उंची १२९७ मीटर, आणि त्याच्या माथ्याच्या कातळाला हे आरपार भोक. दहा-बारा माणसं आरामात बसतील एवढं. वाऱ्याने टोपी डोक्यावर राहत नाही, समोर अलंग-मदन-कुलंग हे किल्ले ओळीने उभे. दशम्या सोडल्या, लसणाची चटणी काढली, ताई पाय सोडून आडवी झाली, मी फोटो काढत बसलो. उठलो तेव्हा पावणेतीन वाजले होते.

त्र्यंबक दरवाजा कातळात कोरलेला आहे आणि त्याखालच्या पायऱ्या गुडघ्याच्या वर जाणाऱ्या. काही ठिकाणी त्यांवर माती-दगड साचलेत. तोंड कड्याकडे करून, हळूहळू उतरा, काठ्या सॅकला बांधून टाका. आम्हाला इथे पाऊण तास लागला. माझ्या अंदाजात पंधरा मिनिटं होती. गुडघे कुरकुरत असतील तर हाच गोल उलटा करा, साम्रदकडून चढून शिडीने उतरा. पाऊस चालू असेल तर या पायऱ्यांच्या वाटेलाच जाऊ नका.

खाली उतरल्यावर गडाला खेटून उभा असलेला खुट्टा, तो सुळका, डोक्यावर घेऊन वाट झाडीत शिरते. इथे फाटे फुटतात. एक वाट कड्याला बिलगून पुन्हा शिडीच्या बाजूला वळते, दुसरी साम्रदकडे उतरते, आणि यांच्या मध्ये गुरांनी पाडलेल्या पाच-पंचवीस. त्यातल्याच एकीने आम्हाला कारवीच्या रानात नेलं. वाट आधी कमरेएवढी रुंद उरली, मग नाहीशी झाली. भाचा म्हणाला, "मामा, खाली गाव दिसतंय की, सरळ उतरू." दिसणारं गाव आणि आपण यांच्यामध्ये कडा असू शकतो, हे त्याला पटवताना मीच घाबरलो होतो. मागे फिरलो, शेवटचा ओळखीचा दगड गाठला, शेणाचे ताजे पो पाहत बसण्यापेक्षा मळलेल्या मातीचा रंग पाहत निघालो. चाळीस मिनिटं गेली. मोबाइलला रेंज नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. किंवा गावातून वाटाड्या घ्या. पहिल्यांदा जाणाऱ्याने तर घ्यावाच.

साम्रदला पोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. सांधण इथून जवळच, पण त्याच दिवशी तीही उरकायचा मोह नको. ती घळ वेगळा दिवस मागते. साम्रद ते रतनवाडी डांबरी रस्ता आहे. गोलातला सगळ्यात कंटाळवाणा तुकडा, आणि बेत आखताना सगळे हाच विसरतात. सव्वासहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, त्यानंतर आम्ही एका टॉर्चवर तिघं चाललो. दोन गाड्या असतील तर एक सकाळीच साम्रदला लावा. नसतील तर आदल्या दिवशी जीपवाल्याशी बोलून ठेवा. आणि दर माणशी एक टॉर्च, तीन लिटर पाणी. गडावर टाकी आहेत, पण त्यांतलं पाणी गाळून-उकळून घेतल्याशिवाय पिऊ नका.

रतनवाडीच्या अलीकडे समोरून एक बॅटरी हलत आली. ज्यांच्या घरी राहिलो ते मामा होते. "किती वाजता सोडलं नेढं?" त्यांनी विचारलं. ताईने माझ्याकडे बोट दाखवलं.