मासे बंद होते तेव्हा मी स्वयंपाक शिकले

जूनच्या पहिल्याच आठवड्यात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरून सासूबाई पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. फोंड्यात आमचं घर. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत चहा, वरणभात आणि ऑम्लेट यांच्या पलीकडे मी गेले नव्हते. मला स्वयंपाकाची आवड नाही. माहेरी मिरजेला आई करायची, इथे सासूबाई करायच्या आणि मी नोकरी सांभाळायची, असं घराचं ठरून गेलं होतं.

त्यात १ जूनपासून मासेमारी बंद. गोव्यात ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. पारंपरिक होड्यांना बंदी नसते, पण त्यांची मासळी येणार किती आणि ती कुणाला परवडणार? आणि आमचा बाबू सहा वर्षांचा, तळलेल्या बांगड्यावर वाढलेला. तो काय काय खातो हे एकदा मी कागदावर लिहून काढलं. तळलेला मासा, पांढरा भात, वरणाचं वरचं पाणी, पोळे (तांदळाच्या पिठाचे, डोशासारखे), पाव, बटाट्याच्या काचऱ्या, केळं, बिस्किट, दूध. नऊ पदार्थ. त्यातला मासा गेला. बटाटा सोडला तर भाजी एकही नाही.

पहिले अकरा दिवस आम्ही डबा लावला आणि मधूनमधून हॉटेलातून मागवलं. मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, त्यामुळे लिहून ठेवायची सवय आहे. अकरा दिवसांचे ४,७२० रुपये झाले. एरवी भाजी, मासळी, किराणा मिळून आमचा महिन्याचा खर्च साडेनऊ हजारांच्या आसपास असतो. आणि एवढे पैसे घालूनही डब्यातल्या भाजीवर तेलाचा तवंग, तिखट इतकं की बाबूने एक घास घेतला आणि रडायलाच लागला. त्या रात्री तो दूध-बिस्किट खाऊन झोपला. सासूबाई डाव्या हाताने भात कालवत होत्या, त्यांनाही ते जेवण जात नव्हतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला जास्त लागलं.

जेवणं झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "आई, उद्यापासून मी करते. पण मला यातलं काही आवडत नाही, हे आधीच सांगते."

त्या म्हणाल्या, "आवडूंक जाय अशें कोण सांगता, बाय? पोटाक जाय न्हय!"

आवडलंच पाहिजे असं कोण सांगतंय, पोटाला हवं ना. हे ऐकून मला खरंच हलकं वाटलं. तोपर्यंत माझी समजूत होती की चांगला स्वयंपाक करणाऱ्या बायकांना तो मुळात आवडत असतो आणि माझ्यात ते नाही, म्हणून मला तो जमणार नाही. सासूबाईंनी पन्नास वर्षं रोज चूल सांभाळली, पण आवडतं की नाही हे त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ओट्याशेजारी त्यांची खुर्ची मांडली. त्या सांगणार आणि मी करणार. पहिली शिकले ती सुकी भाजी, कारण तिला वाटप लागत नाही. गोव्याच्या जेवणात माझ्यासारखीला सगळ्यात जड जातं ते वाटप. नारळ खोवा, धणे-मिरच्या भिजवा, मिक्सरला लावा, मग ते भांडं धुवा. सुक्या भाजीला वाटायचं काही नको. चमचाभर तेल, मोहरी, हिंग, चिरलेली भाजी, मीठ. वर ताटली झाकायची आणि त्या ताटलीत पाणी ओतायचं. वरचं पाणी तापतं, खाली वाफ धरते, भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते आणि तळाला लागत नाही. शेवटी मूठभर ओलं खोबरं. दुधी, कोबी, फरसबी, लाल भोपळा, सगळ्यांची रीत हीच. चिरण्यासकट वीस-पंचवीस मिनिटं.

तिखटाचं काय करायचं, हा प्रश्न मात्र राहिला. सासूबाईंना हिरव्या मिरचीशिवाय भाजी गिळत नाही आणि बाबूला मिरचीचा वासही नको. दोन भाज्या करायच्या तर मी दोन दिवसांत हात टेकले असते. तेव्हा सासूबाईंनीच सुचवलं की भाजी बिनतिखटाची शिजवायची, बाबूची वाटी आधी काढून ठेवायची आणि मग फोडणीच्या पळीत तेल तापवून, त्यात मिरच्या परतून ती फोडणी उरलेल्या भाजीवर ओतायची. वरण असो, मूग असो, चवळीची उसळ असो, आता आमच्या घरी सगळ्याला वरूनच फोडणी. या एका गोष्टीने माझं निम्मं काम वाचलं.

भाजी आणायची ती फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून. सरकारी सवलतीत मिळते, बाजारापेक्षा स्वस्त पडते. फक्त सकाळी लवकर जायला हवं, दुपारनंतर चांगली भाजी उरत नाही. मी कामावर जाताना थांबते. तिथे त्या दिवशी जी भाजी बरी आणि स्वस्त असेल तीच घ्यायची, मनात ठरवून जायचं नाही, असा नियम केला. 'आज काय करायचं' हा रोज छळणारा प्रश्न त्याने आपोआप सुटला.

उकड्या तांदळाने पहिल्या दिवशी फसवलं. साध्या तांदळासारखं दुप्पट पाणी घातलं आणि तीन शिट्ट्या केल्या, तर दाणा टचटचीत राहिला. आता तासभर भिजवून, वाटीला चार वाट्या पाणी आणि शिट्टीनंतर मंद आचेवर वीस मिनिटं. पेज हवी तर आठ वाट्या. रविवारी सकाळी पेज, चेपणीचा (मिठात मुरवलेला) आंबा आणि भाजलेला पापड. यापेक्षा कमी कष्टाचं आणि कमी पैशाचं जेवण मला अजून सापडलेलं नाही, आणि सासूबाई ते पक्वान्नासारखं जेवतात.

बाबूचं मात्र काही हलेना. वाटी तशीच परत यायची. मी आधी गोष्टी सांगितल्या, मग मोबाईल दाखवला, मग ओरडले. शेवटी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी वजन-उंची तक्त्यावर मांडून दाखवली, वाढ ठीक होती. मग विचारलं, दूध किती पितो? दिवसाला तीन पेले. संध्याकाळी सहाला काय खातो? बिस्किटं. ते म्हणाले, मग आठ वाजता त्याला भूक लागणार कशी? दूध एक-दीड पेल्यावर आणा, संध्याकाळची बिस्किटं बंद करून पाच वाजता केळं द्या. काय वाढायचं आणि किती वाजता, हे तुम्ही ठरवा. खायचं की नाही आणि किती, हे त्याला ठरवू द्या. नवा पदार्थ मूल दहा-पंधरा वेळा समोर आल्यावरही उचलतं, तीन वेळा नाही म्हटलं म्हणून सोडू नका. वजन घटत असेल, घास घेताना ठसका लागत असेल किंवा खाण्यातले पदार्थ कमी कमी होत चालले असतील, तर मात्र वाट न पाहता या.

हे सगळं ऐकायला सोपं, पण ताटासमोर गप्प बसणं मला स्वयंपाकापेक्षा अवघड गेलं. आम्ही सगळ्यांनी ठरवलं की 'खा' हा शब्द ताटावर काढायचा नाही. दर जेवणाला त्याच्या नेहमीच्या पदार्थांतला एक असायचाच, भात किंवा पोळा, म्हणजे तो उपाशी उठणार नाही. त्याच्या शेजारी नवी भाजी चमचाभर. खाल्ली तर खाल्ली.

याच काळात माझी एक मोठी चूक झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून मी उकडलेला दुधी वाटून पोळ्याच्या पिठात मिसळला. पोळा किंचित हिरवट झाला आणि मऊ पडला. बाबूने एक तुकडा तोंडात घातला, बाहेर काढला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई, यात काय घातलंस?" मी "काही नाही" म्हटलं. त्यानंतर तीन आठवडे त्याने पोळ्याला हात लावला नाही. नऊमधला एक भरवशाचा पदार्थ मी माझ्या हाताने घालवला, आणि पदार्थापेक्षाही माझ्या शब्दावरचा त्याचा विश्वास घालवला. शेवटी एका सकाळी त्याला ओट्याजवळ उभं करून, पीठ त्याच्यासमोर पळीने ढवळून, त्याच्याच हाताने तव्यावर घालायला लावलं, तेव्हा पोळा परत सुरू झाला. मुलाच्या ताटात लपवून काही घालू नका, असं मी आता ओळखीतल्या प्रत्येकीला कळवळून सांगते.

मग मुगाचा दिवस आला. मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाचा रस्सा, हा इथला आवडता पदार्थ, पण रीतसर करायची तर मोड आलेल्या मुगाची सालं एकेक काढावी लागतात. मी सासूबाईंना सरळ सांगितलं की सालं काढणार नाही. त्या मिनिटभर गप्प बसल्या, मग "बरें" म्हणाल्या. वाटीभर मूग रात्री भिजवायचे, सकाळी निथळून फडक्यात बांधायचे. पहिल्या खेपेला फडकं ओलं गच्च राहिलं आणि पावसाळी दमट हवेत मुगांना आंबूस वास आला, सगळे टाकावे लागले. तेव्हापासून पाणी पूर्ण निथळेपर्यंत चाळणीत ठेवते. वाटीभर मुगाचे मोड येऊन जवळजवळ तीन वाट्या होतात, चौघांना पुरून उरतात. हळद-मीठ घालून एकच शिट्टी.

बाबूची वाटी काढली, त्यात नुसते शिजवलेले मूग, रस्सा नाही. त्याने एक मूग बोटांत धरला, दाबला, साल सुटलं. साल ताटाच्या कडेला, मूग तोंडात. मग दुसरा. पाऊण तास तो एकेक मूग सोलून खात होता आणि आम्ही तिघं श्वास रोखल्यासारखे आपापला भात जेवत होतो. सासूबाई हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या, "सालां काडटा पळय." बघ, सालं काढतोय.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की त्याचा राग चवीवर कमी आणि मिसळण्यावर जास्त आहे. रश्श्यात काय दडलंय हे दिसत नाही, म्हणून तो घाबरतो. सुटं, कोरडं, ओळखू येईल असं दिलं की निदान हात तरी लावतो. तेव्हापासून त्याचं सगळं वेगळं मांडते. फरसबीचे लांब तुकडे, उकडलेल्या भोपळ्याच्या फोडी, चवळीचे कोरडे दाणे.

तांबडी भाजी मात्र या नियमात बसली नाही. ही इथली रोजची पालेभाजी, स्वस्त आणि लवकर शिजणारी. तीन पाण्यांतून धुवायची, पावसाळ्यात चार, कारण पानांच्या मागे माती असते. कांद्याबरोबर परतली की तिचं गुलाबी पाणी सुटतं. पानांना बाबू शिवायलाही तयार नव्हता, पण एकदा ते पाणी ताटात ओघळून त्याच्या भाताला लागलं. मला वाटलं, आता ताट सरकवणार. तो बघत राहिला, मग चमच्याने आणखी भात त्या पाण्यात ढकलला. सगळा भात गुलाबी करून खाल्ला. पानं अजून बाजूलाच काढतो. मी काही म्हणत नाही.

मासळीची उणीव सासूबाईंच्या पुरुमेंताने भरून काढली. मे महिन्यात त्यांनी पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, भरून ठेवली होती. डोकी काढून मंद आचेवर कोरडी भाजायची, कुरकुरीत झाली की कांदा, ओलं खोबरं, आमसूल आणि तिखट घालून किसमूर. त्यातली मूठभर सुंगटं तिखटाआधी बाबूला. ती मुळात खारट असतात, म्हणून त्याला थोडीच द्यायची.

जुलैचा हिशेब लावला तेव्हा महिन्याचा खर्च ७,३८० आला. मासे नव्हते, म्हणून तो तसाही कमी येणार होता, पण हॉटेलचा एक रुपयाही त्यात नव्हता. सगळ्यात जास्त पैसे नारळाला गेले. नारळ फार महाग झालाय. म्हणून रविवारी यजमान दोन नारळ खोवतात, ते डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवतो आणि आठवडाभर मूठ-मूठ पुरवतो.

प्लास्टर निघून आता बरेच दिवस झाले, बोटीही परत समुद्रात गेल्या. सासूबाईंच्या मनगटात अजून जोर नाही, म्हणून आठवड्यातले चार दिवस मी करते, तीन दिवस त्या. आवड निर्माण झाली असं मी म्हणणार नाही. पण संध्याकाळी घरी येताना पोटात जो गोळा यायचा तो येत नाही.

बाबूची यादी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर आहे. नवाची चौदा झाली. लाल भोपळा अकराव्या वेळी खाल्ला, फरसबी चौथ्या, दुधी अजून नाही. पडवळाच्या पुढे काल सहावी रेघ ओढली.