कृष्णाकाठी कोळसा

भिलवडीत कोळसा निघाला तो मागच्या पावसाळ्यात, रात्री साडेअकराच्या सुमाराला. घरातले सगळे झोपले होते. मी कॉम्प्युटरवर भिलवडीच्या उसात माउसने एक खड्डा पाडला, त्यावर खाण बसवली, खाणीखालून रूळ काढला, आणि दुधासाठी ओळखलं जाणारं सांगली जिल्ह्यातलं हे गाव बघता बघता कोळशाचं झालं.

दुसऱ्या दिवशी दाजी आले. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. मिरज जंक्शनात पॉइंट्समन म्हणून, म्हणजे एका रुळावरून गाडी दुसऱ्या रुळावर घेणारे सांधे (पॉइंट) सांभाळत, उभी हयात काढलेला माणूस. मिरजेत तिन्ही रुंदीचे रूळ होते तेव्हापासूनची त्यांची नोकरी; १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर हे आकडे ते देवाच्या नावासारखे घेतात. अजूनही फाटकात गाडी आडवी आली की शेवटच्या डब्यावरची पाटी दिसेपर्यंत ते मान वळवत नाहीत. पाटी दिसली तर गाडी अख्खी गेली. नाही दिसली, तर मधेच तुटून निम्मी मागे राहिली नसेल कशावरून?

चष्मा कपाळावरून खाली घेत त्यांनी स्क्रीन पाहिला. म्हणाले, "पाव्हणं, हितं सगळा काळा फत्तर. कोळसा कुठनं काढलासा?"

बरोबर होतं त्यांचं. आपल्याकडे खाली खणलं की लाव्हाचा दगड. महाराष्ट्राचा कोळसा तिकडे चंद्रपूर, वणी, उमरेडला. शिवाय शेजारच्या सातारा जिल्ह्यात कोयनेचं धरण आहे. त्या पाण्यावर १९६० मेगावॅटचा वीजप्रकल्प चालतो, चिमूटभर कोळसा न जाळता. तेव्हा कृष्णा-कोयनेच्या मुलखात कोळशाचं वीजघर काढणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून टँकर मागवणं. पण खेळात भूगर्भशास्त्राला मत नसतं.

ट्रेन्झ नावाचा हा खेळ ऑस्ट्रेलियातून आला, २००१ साली. त्याचे दोन भाग. 'सर्वेअर'मध्ये जमीन वर-खाली करायची, रूळ टाकायचे, झाडं लावायची. 'ड्रायव्हर'मध्ये त्यावर गाडी चालवायची. बहुतेक मंडळी दुसऱ्यासाठी घेतात आणि पहिल्यात अडकतात, निदान मी तरी अडकलो. आणि कोळसाच का, तर प्रवासी नकोत म्हणून. प्रवाशाला फलाट लागतो, जिना लागतो, वेळापत्रक लागतं. कोळशाला एक भरायची जागा पुरते आणि एक ओतायची. अमेरिकेत ॲरिझोनात अशी खरोखरची रेल्वे होती. एक खाण, एक वीजघर, मधे सव्वाशे किलोमीटर रूळ, वर ५०,००० व्होल्टच्या तारा (आपल्याकडे २५,०००), आणि देशातल्या दुसऱ्या कुठल्याही रुळाला ती जोडलेलीच नव्हती. १९७३ ला सुरू झाली, २०१९ मध्ये वीजघराबरोबर तीही बंद पडली. म्हणजे मोठ्या माणसांनीही खऱ्या पैशांत माझाच खेळ खेळून पाहिलेला आहे.

दुसरं कारण जरा खाजगी. वाघीण हा शब्द. वॅगनची वाघीण कोणी केली देव जाणे, पण त्या माणसाला एक नारळ दिला पाहिजे. धूळ खात, करकरत, एकामागोमाग एक जाणाऱ्या त्या लोखंडी पेट्यांना इतका रुबाबदार शब्द दुसऱ्या भाषेत नसेल. अठ्ठावन्न वाघिणी ओळीने चालल्यात म्हटल्यावर माणूस उठून बघतोच.

आता माझी चूक सांगतो. वीजघर मी दंडोब्याच्या डोंगरावर बसवलं. का? तर धुराडं आभाळासमोर सुरेख दिसत होतं म्हणून. कृष्णाकाठची खाण खाली, वीजघर वर, आणि मधे पन्नासाला एक असा चढ, म्हणजे पन्नास मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. चाचणीला रिकामी गाडी लावली, ती दिमाखात वर गेली. मी खूश. मग खाणीखाली रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी माळ, भरली, निघालो, आणि चढाच्या पहिल्याच वळणावर गाडी थांबली. क्षणभर विचार केल्यासारखी उभी राहिली आणि मग अगदी सावकाश मागे सरकायला लागली, पाहुण्यांपुढून उलट्या पावली आत जाणाऱ्या सुनेसारखी.

हिशेब नंतर केला. खरं तर आधी करायचा असतो. एक वाघीण रिकामी साडेबावीस टन, भरली की ऐंशीच्या वर. अठ्ठावन्न रिकाम्यांचे होतात तेराशे टन, भरलेल्यांचे पावणेपाच हजार. पन्नासाला एक चढावर वजनाचा पन्नासावा भाग गाडीला मागे ओढतो. रिकामी असताना ही ओढ इंजिनासकट अठ्ठावीस-एकोणतीस टनांची, भरल्यावर जवळजवळ शंभर. चार हजार अश्वशक्तीचं डिझेल इंजिन सुरुवातीला कसंबसं पंचावन्न टन जोर लावतं. खेळात सोपी पद्धत असते, नुसतं बटण फिरवायची, तीत या सगळ्याकडे बराच कानाडोळा होतो. मी हौसेने अवघड पद्धत निवडली होती.

दाजी पोट धरून हसले. "कसाऱ्याला सदतिसाला एक चढ हाय. तितं मागनं इंजनं ढकलत्यात तवा गाडी वर जाती." मग म्हणाले, भरली गाडी ज्या अंगाला जाते त्या अंगाचा चढ आधी मऊ करायचा, रिकामी काय, कशीही चढते. एवढी साधी गोष्ट मला कळायला एक पावसाळा गेला.

म्हणून अदलाबदल केली. खाण दंडोब्यावर, वीजघर नदीकाठी. भिलवडीचं खाणवैभव असं एका पावसाळ्यात संपलं. आता भरली गाडी उतारावर. मला वाटलं, सुटलो. पण चढावर गाडी नुसती थांबते, उतारावर ती थांबत नाही. मालगाडीचा ब्रेक हवेचा असतो. इंजिनापासून शेवटपर्यंत नळी, तीत पाच किलो दाबाची हवा, दाब कमी केला की ब्रेक लागतात. पण पुढे काढलेली हवा मागे कळायला वेळ लागतो. पाटाचं पाणी सोडल्यावर शेवटच्या वाफ्यातल्या माणसाने हाक मारेपर्यंत जसं थांबायचं, तसंच. आणि घाबरून लाव-सोड, लाव-सोड केलं की नळी परत भरतच नाही. तिसऱ्या खेपेला माझ्या पायाशी ब्रेकच उरला नव्हता. गाडी वीजघरातून आरपार गेली आणि रूळ जिथे संपत होते तिथून पुढे कृष्णेत. नशीब, कृष्णाही मीच काढलेली होती.

एकदा वेग हातात आला तशी मजा कळायला लागली, आणि ती मजा सांगण्यासारखी नाही ही पंचाईत आहे. खाणीखालून गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकते, वरून कोळसा पडत राहतो. वीजघरात तशीच न थांबता खालची दारं उघडून ओतते, गोल फिरून परत निघते. इंजिन काढायचं नाही, वळवायचं नाही. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात ही तऱ्हा निघाली, तिला त्यांनी जत्रेतल्या गोल पाळण्याचं नाव दिलं. आपल्याकडच्या मोठ्या वीजघरांतही ती आहे. पाचशे मेगावॅटच्या एका संचाला तासाला तीनशे टनांच्या वर कोळसा लागतो, म्हणजे माझी अख्खी गाडी त्याला अर्धा दिवसही पुरत नाही. तोवर दुसरी दारात हवी. बायको विचारते, "त्याच गाडीत तेच भरून तिथेच काय जाता सारखे?" मला उत्तर येत नाही. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी निघाली तेव्हा आम्ही सगळेच बघायला गेलो होतो. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढे पन्नास टाक्यांची रेक. तीही तेच भरून तिथेच जात होती. बायको तेव्हा हात जोडून उभी होती.

तर मग दुसरी गाडी सोडली. एकेरी मार्ग, मधे एक लूप, तिथे दोघींनी एकमेकींना वाट द्यायची. कागदावर झकास. प्रत्यक्षात पहिली गाडी लूपमध्ये शिरली, शिरत राहिली, आणि तिचं तोंड पुढच्या पॉइंटशी आलं तरी शेपूट मागच्या पॉइंटवरच. अठ्ठावन्न वाघिणी म्हणजे सव्वासहाशे मीटर, वर इंजिन. लूप मी पाचशे मीटरची केली होती. पाचशे हा आकडा दिसायला बरा म्हणून. समोरून दुसरी गाडी आली आणि दोघी नाकासमोर नाक लावून उभ्या राहिल्या.

दाजी बराच वेळ बघत राहिले. "गाडी पळायची सोय तुमी झ्याक केलीया. हुबी करायची कुठं?"

लहानपणीची कोल्हापूर-पुणे पॅसेंजर आठवली. ती पळायची कमी आणि उभीच जास्त राहायची. नांद्र्याला उभी, ताकारीला उभी. "क्रॉसिंग आहे," एवढंच कोणीतरी म्हणायचं आणि सगळा डबा ते पावसासारखं मान्य करायचा. भडंगवाला खिडकीखालून दोनदा जाऊन यायचा, वडील उतरून पाण्याची बाटली भरून आणायचे, आई म्हणायची लांब जाऊ नका. मग बाजूच्या रुळावरून मालगाडी धडधडत जायची आणि आम्ही भावंडं वाघिणी मोजायचो. दर वेळी आकडा वेगळा, दर वेळी भांडण. आम्ही वैतागायचो त्या वेळेला दाजींसारखा कोणीतरी हिरवा झेंडा घेऊन उन्हात उभा असायचा, हे तेव्हा दिसलंच नाही. आता तिथे दुसरा रूळ पडलाय.

लूप वाढवून साडेसातशे मीटर केली. त्यासाठी एक टेकडी कापली, एक मारुतीचं देऊळ सरकवलं. देऊळ सरकवताना मी चपला काढल्या होत्या, हे कोणाला सांगू नका.

परवा रविवारी दाजींना मुद्दाम बोलावलं. प्रवासी नकोत म्हणणारा मी, पण त्यांच्यासाठी आठ डब्यांची एक पॅसेंजर लूपमध्ये आणून उभी केली. बहिणीने चहा आणून ठेवला. लांबून भरली गाडी आली. दाजी खुर्चीतच ताठ झाले. इंजिन गेलं. मग वाघिणी, एकेक. ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. चहावर साय धरली. छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. गाडी पुढच्या वळणाआड गेली आणि मी विजयी मुद्रेने पॅसेंजरचा सिग्नल पाडायला माउस हातात घेतला.

"थांबा," दाजी म्हणाले. "पाटी कुठाय?"

मी कॅमेरा फिरवून गाडीच्या शेपटाशी नेला. नुसती वाघीण. ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा शेवटचा डबा, लावायची राहिली होती, पाटीही नव्हती, दिवाही नव्हता.

"मग गाडी आली कुठं अजून?" दाजींनी बशीत चहा ओतला. "प्याशिंजर हुबी ऱ्हाऊ द्या."