जिप्सीचे मऊ ब्रेक पेडल : दोष शोधतानाचा माझा अनुभव

माझी मारुती जिप्सी किंग १९९८ची आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर आणि पेडलचा दाब ब्रेक ऑइलमार्फत चाकांकडे पोहोचवणारा दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर अशी तिची ब्रेकची रचना आहे. एबीएसचा (चाके लॉक होऊ न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा) गुंता नसल्यामुळे या रचनेतला दोष घरी, साध्या हत्यारांनी शोधता येतो. वाईहून पाचगणीला माझे नेहमी जाणे-येणे असते आणि पसरणी घाट उतरताना पेडल पूर्वीपेक्षा खाली जाऊ लागले आहे, हे जाणवल्यावर ते काम पुढे ढकलण्याचा प्रश्नच नव्हता. कारण समजेपर्यंत गाडी घाटात न्यायची नाही, असे मी ठरवले.

ज्यांना विचारले त्यांनी एकच उत्तर दिले, ‘हवा धरली असेल, एअर काढून घ्या.’ एका गॅरेजमध्ये एअर काढूनही झाली. पेडल थोडे सुधारले आणि पुन्हा होते तसे झाले. मऊ पेडल म्हणजे हवा, हे समीकरण अर्धेच खरे आहे. ब्रेक ऑइल दाबले जात नाही आणि हवा दाबली जाते, म्हणून हवा असलेले पेडल स्प्रिंगवर पाय ठेवल्यासारखे लवचीक लागते. मात्र पहिल्या दाबाला खोल जाणारे, पण लगेच दोनदा दाबल्यास वर येऊन घट्ट होणारे पेडल बहुधा मागचे लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे अस्तर) आणि ड्रम यांच्यातील वाढलेल्या अंतराकडे बोट दाखवते. आणि पाय स्थिर ठेवलेला असतानाही हळूहळू जमिनीकडे सरकणारे पेडल म्हणजे ऑइल कोठेतरी निसटत आहे, मग ते बाहेर गळत असो वा मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत मागे येत असो. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी मी बराच वेळ नुसता सीटवर बसून पेडल दाबून पाहिले. माझ्या गाडीत दुसरे आणि तिसरे, अशी दोन्ही लक्षणे एकत्र होती, आणि एका उपायाने पूर्ण गुण का येत नव्हता याचे उत्तर तिथेच होते.

एक खुलासा इथे आवश्यक वाटतो. इंजिन बंद असताना पेडल काही वेळा दाबून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवला आणि पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केले, तर पेडल किंचित खाली जाते. तो दोष नव्हे, बूस्टर चांगला असल्याची ती खूण आहे. पुढच्या सगळ्या तपासण्या मी म्हणूनच आधी इंजिन बंद ठेवून आणि नंतर चालू ठेवून, अशा दोन्ही प्रकारे केल्या.

प्रथम गळती पाहिली. ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळी कमी झालेली नव्हती, पण तेवढ्यावर विसंबणे योग्य नाही. मागचे ड्रम उतरवून व्हील सिलिंडरची (लायनर ड्रमकडे ढकलणाऱ्या चाकातील छोट्या सिलिंडरची) रबरी टोपणे हलकेच मागे सारली. आत दमटपणा नव्हता. एका बाजूच्या लायनरजवळ तेलकट डाग दिसला, मात्र त्याला गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास होता आणि तो पाण्याने धुतला जात नव्हता. ब्रेक ऑइल पाण्यात सहज मिसळते. म्हणजे तो डाग अ‍ॅक्सलच्या सीलमधून आला होता आणि ते काम वेगळे होते. मास्टर सिलिंडर बूस्टरपासून थोडा सैल करून त्याची मागची बाजूही पाहिली, कारण मागचे सील गेल्यास ऑइल बूस्टरमध्ये उतरते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. ती बाजू कोरडी होती.

यानंतरची तपासणी सर्वांत निर्णायक ठरली. ब्रेकच्या रबरी होजसाठी (लवचीक नळ्यांसाठी) मिळणारे गोल कडांचे क्लॅम्प मी वापरले. साध्या पकडीने होज आतून फाटू शकतो, म्हणून तो मोह टाळावा. मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा होज क्लॅम्प करताच पहिल्या दाबाची खोली स्पष्टपणे कमी झाली. म्हणजे पेडलचा बराचसा प्रवास मागचे लायनर ड्रमपर्यंत नेण्यातच खर्च होत होता. पुढचे होजही क्लॅम्प केल्यावर पेडल उंच आले, तरी पायाचा हलका दाब कायम ठेवला की ते सावकाश खाली सरकतच होते. ऑइलला चाकांकडे जायला वाटच नव्हती, त्यामुळे संशय मास्टर सिलिंडरवर स्थिर झाला. त्याचे पाइप सोडवून पोर्टमध्ये (पाइप जोडण्याच्या छिद्रांत) त्याच आट्यांचे प्लग बसवले, तेव्हाही तेच घडले.

यातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट अशी, की जोरात दाबल्यावर हेच पेडल दगडासारखे घट्ट राहत असे. जास्त दाबाखाली मास्टर सिलिंडरमधील रबरी बकेटची (सीलची) कड सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि हलक्या दाबात तीच कड ऑइलला मागे येऊ देते. गॅरेजमध्ये सहसा पेडल जोरात दाबून तपासले जाते, त्यामुळे हा दोष नजरेतून सुटतो. सिग्नलला उभे असताना आपण ज्या दाबाने पाय ठेवतो, त्याच दाबाने तपासणी करावी, असे माझे ठाम मत आहे.

सिलिंडर उघडल्यावर आतल्या भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे दिसले. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि ते वेळेवर बदलले नाही तर असा गंज धरतो. ओलाव्यामुळे त्याचा उत्कलनबिंदूही घसरतो. डॉट ३ या ब्रेक ऑइलच्या प्रकारासाठी किमान मर्यादा कोरड्या स्थितीत २०५ अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यानंतर १४० अंश आहे, आणि लांब उतारावर हा फरक जिवाशी येऊ शकतो. खड्डे पडलेल्या भिंतीवर नवे रबर किटही लवकर कापले जाते, म्हणून किट न टाकता मी पूर्ण नवा मास्टर सिलिंडर घेतला.

गाडीत चढवण्यापूर्वी तो शिकंज्यात आडवा धरून, ऑइल भरून, बुडबुडे थांबेपर्यंत त्यातील हवा काढली. मागचे ड्रम लेथवर टर्न करून (आतून गुळगुळीत करून) घेतले, अ‍ॅक्सलचे सील आणि लायनर बदलले आणि लायनरचे अंतर चाक हाताने फिरवत, किंचित घासल्याचा आवाज येईपर्यंत जुळवले. पुढची चाके जॅकवर घेऊन वर-खाली हलवून पाहिली, कारण बेअरिंग सैल असेल तर डगमगणारी डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पुढचा पहिला दाब वाया जातो. एका चाकाला थोडा प्ले (ढिलेपणा) होता. भावाने ब्रेक दाबून धरताच तो नाहीसा झाला, म्हणजे दोष किंगपिनचा (चाक ज्यावर वळते त्या खुंटीचा) नसून बेअरिंगचा होता, आणि बेअरिंग व्यवस्थित कसल्यावर तो गेला.

मग एअर काढली, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. भाऊ पेडल दाबून ‘धरले’ म्हणाला की मी चाकाजवळचे हवा काढण्याचे निपल उघडत असे आणि ते बंद केल्यावरच तो पाय उचलत असे. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला होता. जुन्या सिलिंडरवर एअर काढताना पेडल तळापर्यंत नेले, तर बकेट कधी न पोहोचलेल्या गंजक्या भागावर घासून फाटतात. माझा सिलिंडर नवा होता, तरी ही सवय मला महत्त्वाची वाटते.

आता इंजिन चालू ठेवून हलक्या दाबाने पाय ठेवला तरी पेडल आहे तिथेच राहते. आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर कमी वेगात ब्रेक तपासले, दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व जोड कोरडे असल्याची खात्री केली आणि त्यानंतरच गाडी खालच्या गिअरमध्ये घाट उतरवली.