निर्जळी रविवार

पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाकी दिवस होता तसाच लिहिते आहे.

मी इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशायरमध्ये सर्जरीची रजिस्ट्रार आहे. इथली रविवारची ऑन-कॉल ड्यूटी म्हणजे बहुतेक वेळा लोकांनी शनिवारी रात्री प्यायलेल्याची भरपाई करणं. त्या दुपारी कॅज्युअल्टीतून आलेला फोन मात्र वेगळा होता. एकोणीस वर्षांचा मुलगा, पोटात उजवीकडे दुखतंय, ताप आहे, आणि सोबतचा मुलगा काही केल्या पडद्याबाहेर जात नाही.

पडदा सरकवला तर खाटेवर एक गोरा, किडकिडीत पोरगा गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. शेजारी दाराएवढा रुंद, सावळा मुलगा उभा. दोघांच्याही अंगात पांढरा शर्ट, टाय आणि खिशावर काळी पट्टी. तिच्यावर ‘एल्डर’ ही उपाधी आणि आडनाव, खाली चर्चचं लांबलचक नाव. अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे हे मिशनरी, म्हणजे धर्मप्रचारक. जग त्यांना मॉर्मन म्हणतं. २०१८ पासून त्यांच्या प्रमुखांनी ते टोपणनाव टाळायला सांगितलंय, त्यामुळे ही मुलं पूर्ण नाव सांगतात आणि ऐकणारा शेवटी ‘म्हणजे मॉर्मनच ना?’ असं विचारतोच. आजारी मुलगा अमेरिकेतल्या आयडाहोचा, शेतकऱ्याच्या घरातला. उभा होता तो पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांचा.

“शेवटचं काय खाल्लंस?” हा आमचा नेहमीचा प्रश्न.

“काल संध्याकाळी.”

“आणि पाणी?”

“तेही कालच.”

मी वर पाहिलं. उलट्या होत होत्या का? तशा नव्हत्या. महिन्याचा पहिला रविवार होता. त्या दिवशी ही मंडळी दोन वेळचं जेवण सोडतात, पाणीही घेत नाहीत, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात. आमच्या घरी आजी निर्जळी एकादशी करायची, त्यामुळे मला फार समजावून सांगावं लागलं नाही. समोरच्या इंग्रज ज्युनिअर डॉक्टरला मात्र तो मुलगा दोनदा सांगत होता आणि तिला ते दोन्ही वेळा पटत नव्हतं. भूलतज्ज्ञ तेवढा खूश झाला. म्हणाला, इतका शिस्तीत उपाशी आलेला पेशंट माझ्या वाट्याला कधी येत नाही.

प्रकृतीच्या दृष्टीनं ते चांगलं नव्हतं. जीभ कोरडी, नाडी जलद, लघवी गडद. दुखणं सकाळी बेंबीपाशी सुरू झालं आणि दुपारपर्यंत खाली उजवीकडे सरकलं. हात ठेवून सोडला की चेहरा पिळवटायचा. अपेंडिक्सच. सलाईन सोडलं, अँटिबायोटिक सुरू केलं आणि थिएटरला कळवलं. नर्सनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “हे लोक रक्त घेत नाहीत ना?” टोंगाच्या मुलाचे कान तिखट होते. “ते यहोवाचे साक्षीदार,” तो म्हणाला. “आम्ही घेतो. आम्ही चहा घेत नाही.”

हे त्यानं सांगितलं ते बरं झालं, कारण नंतर वॉर्डातली चहाची गाडी या दोघांपाशी येऊन अडली. इकडे दुःख, आनंद, मृत्यू, सगळ्यावर चहा हाच इलाज. १८३३ च्या एका धर्मवचनावरून यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. गाडीवाल्या बाईंना ते फार लागलं. शेवटी कोको चालतो म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

मी मूळची मिरजेची. आमच्या गावात मिशन म्हटलं की हॉस्पिटल. विल्यम वानलेस नावाच्या प्रेस्बिटेरियन डॉक्टरनं १८९४ साली ते उभं केलं, शेजारची वानलेसवाडी त्याच्याच नावाची. त्यामुळे मिशनरी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वयानं मोठा, हातात काही कसब असलेला माणूस येतो. ही पोरं तर अजून नीट दाढीही न आलेली. २०१२ पासून मुलांना अठराव्या वर्षीच निघता येतं. दोन वर्षं घराबाहेर. पगार नाही, उलट महिन्याला चारशे डॉलर यांनीच भरायचे. कुठं जायचं हे कुणी विचारत नाही, वरून पत्र येतं. आयडाहोवाल्यानं त्यासाठी दोन उन्हाळे दुसऱ्यांच्या शेतात बटाटे काढले होते.

आणि एकट्यानं राहायचं नाही. जोडीदार ठरवून दिलेला असतो, तो सतत डोळ्यांसमोर आणि हाकेच्या अंतरावर हवा. काही आठवड्यांनी जोड्या बदलतात. त्यामुळे टोंगाचा मुलगा पडद्याबाहेर जात नव्हता, त्यात हट्ट नव्हता. मी त्याला म्हटलं, थिएटरमध्ये तुला येता येणार नाही. तो म्हणाला, ते कळतं, पण मग मी एकटा पडेन. फोन गेले. अर्ध्या तासात आणखी दोन पांढरे शर्ट दारात हजर, याला एकटं राहावं लागू नये म्हणून.

ऑपरेशनआधी आयडाहोच्या मुलानं मला एक विनंती केली. कपडे बदलताना आतले पांढरे कपडे त्याला स्वतःला काढू द्यावेत, कुणी फेकू नयेत. टेम्पलमध्ये व्रत घेतल्यावर ते कपडे कायम अंगावर ठेवतात. सांगताना तो लाजला होता, समोर बाई डॉक्टर, त्यात वेदना. मिरजेत इंटर्न असताना टेबलावर करगोटे, ताईत, तुळशीच्या माळा मी कितीदा काढल्या आहेत. काही बायका मंगळसूत्र मुठीतच धरून भूल घ्यायच्या. मी नर्सला बाहेर थांबायला सांगितलं. त्यानं कण्हत कण्हत घडी घातली, टोंगावाल्यानं ती दोन्ही हातांनी घेऊन पिशवीत ठेवली.

मग टोंगावाल्यानं विचारलं, दोन मिनिटं मिळतील का?

त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात करंगळीच्या पेराएवढी धातूची कुपी होती. आत ऑलिव्हचं तेल, प्रार्थना करून वेगळं ठेवलेलं. एकानं टाळूवर थेंब लावून चार शब्द म्हटले. मग दोघांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले आणि टोंगावाला बोलू लागला. पाठ केलेलं नव्हतं, तो अडखळत होता, मध्येच थांबत होता. आजारी मुलासाठी मागितलं, त्याच्या आईवडिलांसाठी मागितलं, मग सर्जनच्या हातांसाठी. सर्जन तिथंच उभी होती, हातमोज्यांशिवाय, आणि हात कुठं ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं. मी देवभोळी नाही. सणावाराला देवापुढे दिवा लावते, तेवढंच. पण माझ्या हातांसाठी माझ्यासमोर आजवर कुणी काही मागितलं नव्हतं. वर बघणारे, नवस बोलणारे पुष्कळ पाहिले, पण ते माझ्या पाठीमागे.

भूलतज्ज्ञानं घड्याळाकडे पाहिलं नाही. त्याचं मला कौतुक वाटलं.

पोटात दुर्बीण घातली तर अपेंडिक्सचं टोक काळं पडलेलं, खाली थोडा पू. फुटलं नव्हतं, रात्रीपर्यंत थांबलो असतो तर बहुधा फुटलं असतं. तीन छिद्रं, धुऊन काढलं, संपलं. बाहेर येऊन सांगितलं तेव्हा तिघं रांगेत उभे राहिले. टोंगावाल्यानं सांगितलं, आमचे प्रमुखही सर्जन आहेत. मला ती थाप वाटली, पण खरं निघालं. रसेल नेल्सन. १९५१ मध्ये मिनेसोटात माणसावर पहिल्यांदा हृदय-फुप्फुस यंत्र वापरलं गेलं, त्या यंत्रावर काम करणाऱ्या गटात ते होते. १९५५ मध्ये युटातली पहिली ओपन-हार्ट त्यांनी केली. मी हे ऐकलं तेव्हा ते हयात होते. २०२५ च्या सप्टेंबरात, वयाच्या १०१ व्या वर्षी गेले.

सोमवारी सकाळी राउंडला गेले तर दोघं साडेसहापासून जागे. साडेसहाला उठायचं, अभ्यास करायचा, मग बाहेर पडायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. अंगात नळी असली तरी वेळापत्रक तेच. सोमवार हा त्यांचा धुणं-बाजारहाटाचा दिवस आणि घरी फोन करायचाही. २०१९ च्या आधी घरच्यांचा आवाज वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला ऐकायला मिळायचा. मी संध्याकाळी पुन्हा गेले तेव्हा फोनच्या पडद्यावर त्याची आई होती. माझे आभार मानून झाल्यावर म्हणाली, बातमी कळली तेव्हा तिचाही उपवास चालूच होता. तो तिनं रात्रीपर्यंत तसाच पुढे नेला.

फोन संपल्यावर मी टेकले. मनात होतं ते विचारलं, सकाळी दुखायला लागलं तेव्हाच का नाही आलास?

उपवासाच्या रविवारी यांच्या सभेत ज्याला वाटेल तो उठून आपल्या श्रद्धेबद्दल बोलतो. नव्या गावातला त्याचा पहिला उपवासाचा रविवार, बोलायचं ठरलेलं. पोटात कळ आली, त्याला वाटलं भूक असेल. मग वाटलं भीती असेल. तो उठला, व्यासपीठाची कड धरून बोलला आणि बसला तो घामाघूम होऊन.

“काय बोललास?”

तो बराच वेळ चादरीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, आमच्यात उभं राहिलं की ‘मला ठाऊक आहे’ म्हणायची रीत आहे. देव आहे हे मला ठाऊक आहे, हे पुस्तक खरं आहे हे मला ठाऊक आहे. बाबा म्हणतात, मोठा भाऊ म्हणतो. मी लहानपणापासून म्हणत आलो. इथं रोज दारं बंद होतात आणि संध्याकाळी मी मोजत बसतो, मला नेमकं काय ठाऊक आहे. काल उभा राहिलो आणि म्हणालो, मला वाटतं, आणि ते खरं असावं अशी माझी इच्छा आहे.

“मग लोक?”

“एका म्हातारीनं नंतर हात दाबला. बाकीच्यांना वाटलं माझी तब्येत बरी नाही.” आणि त्याला हसू आलं, हसल्यावर टाके दुखले.

टोंगावाला खुर्चीत ऐकत होता. तो म्हणाला, “मला ठाऊक आहे,” सहज, बाहेर पाऊस आहे म्हणावं तसं. आणि मित्राची उशी सारखी केली. दोघांत त्यावरून काही वाद झाला नाही. मला वाटतं तो विषय त्यांच्यात आधी कधीतरी होऊन गेला असावा.

आयडाहोवाल्यानं मग मला इथल्या, लँकेशायरमधल्या प्रेस्टनची गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. १८३७ च्या जुलैत यांचे पहिले मिशनरी अमेरिकेतून इथं आले आणि ३० तारखेला रिबल नदीत नऊ जणांचा बाप्तिस्मा झाला. पहिला मान कुणाचा म्हणून नदीपर्यंत चक्क शर्यत लागली. गिरण्यांतले हजारो गरीब पुढं जहाजांनी अमेरिकेला गेले. त्याच्या आईकडचे पूर्वज त्यातलेच. त्यांच्याच गावात आता हा दारोदार फिरतो, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे दार उघडून निदान काहीतरी खायला देतात ते बहुतेक गुजराती. उपवास सोडून बाकीच्या दिवशी ते तो खातो.

मंगळवारी घरी सोडलं. जड उचलायचं नाही, काही आठवडे सायकल नाही.

“चालायला?”

“चाल की. चाललंच पाहिजे.”

“जिने?”

त्यांना दिलेल्या भागात लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारती होत्या. मी म्हटलं, पहिला आठवडा जरा बेतानं. टोंगावाला म्हणाला, वर मी जाईन, हा खाली थांबेल. आयडाहोवाल्यानं मान हलवली. खाली थांबलं की एक जण नजरेआड. दोघं माझ्याकडे बघू लागले, जणू मी यावर काही सूट लिहून देणार होते. मी औषधांच्या चिठ्ठीवर सही करेपर्यंत त्यांचं आपापसात ठरलं, या आठवड्यात फक्त तळमजले.