डब्यावर २५ ग्रॅम, पोटात किती?

प्रोटीन पावडरवरचे दावे क्वचितच सरळसरळ खोटे असतात. खोटं पकडणं सोपं. त्रास देतं ते अर्धवट खरं. ‘एका स्कूपमध्ये २५ ग्रॅम प्रोटीन’, ‘५.५ ग्रॅम बीसीएए’ (प्रोटीनच्या साखळीतल्या तीन कड्या, म्हणजे तीन अमिनो आम्लं), ‘संशोधनाने सिद्ध’ ही तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात आणि तरीही डब्यातला माल हलका असू शकतो. म्हणून आकडा खरा आहे का, एवढं विचारून भागत नाही. तो कसा मोजला आणि कशाशी ताडला, हेही बघावं लागतं.

सुरुवात वजनापासून. स्कूप आकारमान मोजतो, वजन नाही. वाहतुकीत पावडर खाली बसते, घट्ट होते. त्याच स्कूपमध्ये कधी २८ ग्रॅम मावते, कधी ३६. एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेला छोटा वजनकाटा घ्या आणि लेबलवर सर्व्हिंगचं जे वजन दिलंय तेवढी पावडर मोजून बघा. मग दोन डब्यांची तुलना ‘प्रति स्कूप’ नव्हे, प्रति १०० ग्रॅम करा. ४६ ग्रॅमच्या स्कूपमधले ३० ग्रॅम प्रोटीन हे ३० ग्रॅमच्या स्कूपमधल्या २४ ग्रॅमपेक्षा मोठं दिसतं, पण पहिली पावडर ६५ टक्क्यांची आहे आणि दुसरी ८० टक्क्यांची.

लगेच दुसरी बेरीज करून टाका. प्रोटीन, कर्बोदकं आणि चरबी यांचे ग्रॅम एकत्र केले की बेरीज सर्व्हिंगच्या वजनापेक्षा कमीच यायला हवी, कारण पावडरीत पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो आणि थोडे क्षारही असतात. ३० ग्रॅमच्या सर्व्हिंगमध्ये २६ ग्रॅम प्रोटीन, ३ ग्रॅम कर्बोदकं आणि २ ग्रॅम चरबी लिहिली असेल, तर ३१ ग्रॅम झाले. हे शक्यच नाही. असं लेबल दिसलं की बहुधा प्रोटीनचा आकडा ‘कोरड्या वजनावर’ काढलेला असतो, म्हणजे ओलावा वजा करून, आणि बाकीचे आकडे पावडर आहे तशी धरून. कॅलरीही पडताळता येतात: प्रोटीन आणि कर्बोदकांना ग्रॅममागे ४, चरबीला ९. चार-पाच कॅलरींचा फरक राउंडिंगचा असतो, पंचवीस-तीसचा नसतो. चॉकलेट फ्लेवरच्या पावडरीने ९३ टक्के प्रोटीन सांगितलं, तर कोको, गोडवा आणणारा घटक, लेसिथिन (पावडर पाण्यात नीट मिसळावी म्हणून घालतात ते) आणि ओलावा हे सगळं उरलेल्या ७ टक्क्यांत कसं बसवलं, हा प्रश्न रास्त आहे.

आता मुख्य मुद्दा. नेहमीच्या तपासणीत प्रयोगशाळा प्रोटीन थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते. योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवलेली पद्धत आजही वापरात आहे. तिच्या जोडीला ड्यूमा पद्धत असते, जिच्यात नमुना जाळून नायट्रोजन मोजतात. प्रोटीनमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून मिळालेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचं (दुधाच्या प्रोटीनसाठी ६.३८), की प्रोटीन आलं. गोम अशी की हा नायट्रोजन प्रोटीनमधलाच आहे की आणखी कशातला, हे या चाचणीला कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये पातळ केलेल्या दुधात मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळलं गेलं ते याच कारणाने. मेलामाइनमध्ये दोन तृतीयांश नायट्रोजन आहे. एक ग्रॅम मेलामाइन कागदावर चार ग्रॅमहून जास्त ‘प्रोटीन’ दाखवतं.

सप्लिमेंटमध्ये इतकं विषारी काही करावं लागत नाही. स्वस्त, निर्धोक अमिनो आम्लं टाकली की काम होतं. यालाच अमिनो स्पाइकिंग म्हणतात. कोणता घटक कागदावर किती प्रोटीन दाखवतो, ते रेणूच्या वजनावरून सरळ काढता येतं: १ ग्रॅम ग्लायसीन म्हणजे १.१७ ग्रॅम, टॉरीन ०.७ ग्रॅम, ग्लुटामिन १.२ ग्रॅम, क्रिएटीन मोनोहायड्रेट तब्बल १.७६ ग्रॅम. यातले टॉरीन आणि क्रिएटीन तर प्रोटीन बांधण्यात लागतच नाहीत. क्रिएटीन उपयोगी आहे, पण ते वेगळ्या कामाचं. प्रोटीनच्या रकान्यात त्याला जागा नाही.

समजा, ३४ ग्रॅमच्या सर्व्हिंगमध्ये २५ ग्रॅम प्रोटीन लिहिलंय, पण पावडरीत ४ ग्रॅम ग्लायसीन आणि २ ग्रॅम टॉरीन घातलंय. ग्लायसीनचे ४.७ आणि टॉरीनचे १.४ मिळून कागदावर ६ ग्रॅमहून जास्त झाले. खरं व्हे प्रोटीन (चीज बनवताना दुधातून सुटणाऱ्या पाण्यातलं) उरलं १९ ग्रॅमच्या आत. म्हणजे चौथा हिस्सा गायब, आणि केल्डाल चाचणीचा अहवाल मात्र एकदम स्वच्छ.

हे घरबसल्या पकडायचं असेल तर आधी घटकांची यादी वाचा. तिथे वजनाच्या उतरत्या क्रमाने नावं असतात. व्हे कॉन्सन्ट्रेटच्या पाठोपाठ, फ्लेवर आणि लेसिथिनच्याही आधी ‘एल-ग्लायसीन’, ‘टॉरीन’, ‘एल-ग्लुटामिन’ दिसलं, तर ते चिमूटभर नाही. ‘अमिनो मॅट्रिक्स’, ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ अशा भारदस्त नावाखाली पाच-सहा घटक एकत्र कोंबले असतील आणि प्रत्येकाचं प्रमाण दिलं नसेल, तर माझ्या मते डबा तिथेच खाली ठेवावा. प्रमाण लपवण्यात ग्राहकाचं काही हित असल्याचं मला आजवर सुचलेलं नाही.

मग अमिनो आम्लांचा तक्ता. तो छापलेलाच नसेल तर कंपनीकडे मागा. त्यात पहिल्यांदा ल्युसीन बघायचं आणि त्याला पावडरीच्या वजनाने नव्हे, प्रोटीनच्या वजनाने भागायचं. व्हेमध्ये १०० ग्रॅम प्रोटीनमागे ल्युसीन साधारण १० ते ११ ग्रॅम असतं. म्हणजे २५ ग्रॅम व्हे प्रोटीनमध्ये अडीच ग्रॅमच्या वर यायला हवं, १.९ दिसलं तर काहीतरी पातळ केलंय. सोया आणि वाटाण्याच्या प्रोटीनमध्ये हे प्रमाण मुळातच ८ च्या आसपास असतं, त्यांना व्हेच्या मापाने मोजू नका.

पण बनवणाऱ्यांनाही ही युक्ती ठाऊक आहे, म्हणून काही जण ल्युसीनच वरून घालतात. अशा वेळी लायसीन कामाला येतं. व्हेमध्ये लायसीन ९ ग्रॅमच्या जवळपास असतं, ल्युसीनहून थोडंच कमी. तक्त्यात ल्युसीन १५ आणि लायसीन ७ दिसलं तर ल्युसीन बाहेरून आलंय. ग्लायसीनवरही नजर टाका. व्हेमध्ये ते दोन ग्रॅमच्या आसपास असतं. आठ-दहा असेल तर एक तर ते वेगळं घातलंय किंवा आत कोलेजन-जिलेटिन आहे. हायड्रॉक्सिप्रोलीन दिसलं की कोलेजनची खात्रीच, कारण दुधात किंवा वनस्पतींच्या प्रोटीन पावडरीत त्याचं काही काम नाही.

तक्ता वाचताना दोन गोष्टींनी गोंधळ उडतो, त्या आधीच सांगतो. सगळ्या अमिनो आम्लांची बेरीज प्रोटीनपेक्षा जास्त भरली तर ती फसवणूक नाही. साखळी तुटताना प्रत्येक कडीला पाण्याचा एक रेणू चिकटतो, त्यामुळे १०० ग्रॅम प्रोटीनमधून ११५ ग्रॅमच्या आसपास सुटी अमिनो आम्लं निघतात. दुसरं, ही साखळी आम्लात उकळून तोडतात आणि त्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होतं, तर ग्लुटामिनचं ग्लुटामिक आम्ल होतं. म्हणून प्रामाणिक तक्त्यात ट्रिप्टोफॅनसाठी वेगळी चाचणी असते आणि ग्लुटामिनचा आकडा ग्लुटामिक आम्लासोबत एकत्रच दिलेला असतो. ‘५ ग्रॅम ग्लुटामिन’ असं ठसठशीत लिहिलेलं दिसलं तर तो बहुधा एकत्रित आकडाच असतो, फक्त अर्धं नाव गाळलेलं.

प्रमाणानंतर दर्जा. डब्यावर ‘पीडीसीएएएस १.०’ लिहिलेलं असतं. ही मोजपट्टी अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ मध्ये पुढे आणली: सर्वांत कमी पडणारं आवश्यक अमिनो आम्ल गरजेच्या किती टक्के आहे, ते पचनीयतेने गुणायचं. मात्र १ च्या वरचं सगळं १ वर छाटलं जातं, त्यामुळे व्हे, अंडं, दूध आणि सोया आयसोलेट सगळे जवळपास एकाच पायरीवर येतात. १.० म्हणजे ‘चालेल’, ‘सर्वोत्तम’ नव्हे. २०१३ मध्ये सुचवलेल्या डीआयएएएसमध्ये ही छाटणी नाही आणि पचन लहान आतड्याच्या शेवटाशी मोजतात, म्हणून तुलनेला तो आकडा बरा. कोलेजनमध्ये ट्रिप्टोफॅन अजिबात नसतं, त्यामुळे त्याचा पीडीसीएएएस शून्य येतो. तरी डब्यावर २० ग्रॅम प्रोटीन लिहिता येतं, आणि नायट्रोजनच्या हिशेबाने ते खरंही असतं! अमेरिकी लेबल हाताशी असेल तर तिथे एक सोपी खूण मिळते. तिथे रोजची गरज ५० ग्रॅम धरून टक्केवारी देतात आणि प्रोटीनची टक्केवारी दर्जाने गुणलेली असावी लागते. २० ग्रॅमसमोर ४० टक्के असेल तर दर्जा पूर्ण, २० टक्के असेल तर निम्मा. टक्क्याची जागा रिकामी असेल तर का, ते ओळखा.

बीसीएएबद्दल मी जरा कठोरच आहे. शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी अमिनो आम्लं नऊ. बीसीएए त्यांतली तीन: ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलिन. ल्युसीन स्नायूला बांधकाम सुरू करायचा इशारा देतं, हे खरंच. पण बाकीची सहा कुठून येणार? ताटातून आली नाहीत तर शरीराच्या स्वतःच्या प्रोटीनमधून. २०१७ च्या एका अभ्यासात व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए दिल्यावर स्नायूंची प्रोटीन बांधणी २२ टक्क्यांनी वाढली, आणि जाहिराती इथेच थांबतात. तेवढंच बीसीएए अंगात असलेल्या व्हेने आधीच्या अभ्यासांत याच्या जवळपास दुप्पट वाढ दाखवली होती, हे त्याच शोधनिबंधात लिहिलंय. व्हेच्या २५ ग्रॅम प्रोटीनमध्ये साडेपाच-सहा ग्रॅम बीसीएए मुळातच असतं. ते वेगळ्या डब्यात विकत घेण्याचं कारण मला दिसत नाही. ‘शून्य कॅलरी’ हाही लेबलच्या नियमांचा खेळ आहे. अमिनो आम्लं जळली की ग्रॅममागे चारच्या आसपास कॅलरी देतातच. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये बीसीएएचे स्नायूंविषयीचे दावे पुराव्याअभावी नाकारले. ‘प्रोटीनमुळे स्नायूंच्या वाढीस हातभार लागतो’ हे वाक्य मात्र तिथे मान्य आहे, आणि ज्या पदार्थातल्या किमान १२ टक्के कॅलरी प्रोटीनमधून येतात अशा कुठल्याही पदार्थावर ते छापता येतं. तो त्या डब्याचा पराक्रम नव्हे.

‘संशोधनाने सिद्ध’ दिसलं की शोधनिबंधात पहिल्यांदा एकच गोष्ट शोधा: दुसऱ्या गटाला काय दिलं होतं? पाणी किंवा साखर दिली असेल, तर ‘प्रोटीन हे काहीच न घेण्यापेक्षा बरं’ एवढंच सिद्ध झालं. तितकंच प्रोटीन साध्या व्हेतून देऊन तुलना केली असेल, तर वाचण्यात अर्थ आहे. मग मोजलं काय, ते बघा. काही तासांची स्नायू-प्रोटीन बांधणी म्हणजे तीन महिन्यांनी वाढलेला स्नायू नव्हे. ‘लीन मास’मध्ये, म्हणजे चरबी वगळून उरलेल्या वजनात, पाणीही मोजलं जातं, आणि क्रिएटीन मिसळलेल्या पावडरीने पहिल्या आठवड्यातच तो आकडा वर जातो. अभ्यासात दिवसाला किती ग्रॅम दिलं आणि डब्यावरच्या सर्व्हिंगमध्ये किती आहे, हेही जुळवून पाहा. तिथे पुष्कळदा मोठं अंतर निघतं.

फायदा प्रत्यक्षात किती, याचा अंदाज २०१८ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातून येतो. ४९ अभ्यास, १,८६३ माणसं, सगळे वजनांचा व्यायाम करणारे. सप्लिमेंट घेतल्याने चरबीविरहित वजनात सरासरी ०.३ किलोची जादा भर पडली, आणि दिवसाला एकूण प्रोटीन शरीराच्या वजनामागे किलोला १.६ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर सरासरी भर थांबली. ७० किलोच्या माणसासाठी हे ११२ ग्रॅम. जेवणातून शंभर येत असतील तर डब्याला उरलेलं काम बारा ग्रॅमचं. डबा विकत घेण्याआधी आठवडाभर जेवणातलं प्रोटीन लिहून काढणं, ही सगळ्यांत उपयोगी पायरी. नेमकी तीच कुणी करत नाही.

काही दावे दोन वाक्यांत निकालात निघतात. ‘हायड्रोलाइज्ड (आधीच तुकडे केलेलं प्रोटीन), झटपट शोषण’: वेग वाढतो, पण दिवसभराचं प्रोटीन पुरेसं असेल तर स्नायूवर त्याचा दखल घ्यावा असा फरक पडत नाही. ‘स्नायूंसाठी ग्लुटामिन’: ते बहुतांश आतडं आणि यकृतच वापरून टाकतात. आर्जिनिनचा मोठा भाग आतडं आणि यकृतात मोडतो, म्हणून रक्तातलं आर्जिनिन वाढवायला सिट्रुलिन हे दुसरं अमिनो आम्ल जास्त कामाचं ठरतं. प्रोटीन बारमध्ये साखरेशी संयोग होऊन लायसीनचा काही भाग निकामी होतो, आणि आम्लात उकळून केलेल्या चाचणीत त्यातला थोडा पुन्हा ‘लायसीन’ म्हणून मोजला जातो. महिनोन्‌महिने गरम जागी पडून राहिलेल्या बारवरचा आकडा थोडा कमीच धरा.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. फिनाइलकिटोन्युरिया (फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल शरीराला नीट मोडता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांना तर कुठलंही पूर्ण प्रोटीन, नुसतं अ‍ॅस्पार्टेमही, मोजूनमापूनच चालतं.

राहिली शुद्धता. ‘लॅब टेस्टेड’ या शब्दांना स्वतःचं वजन काही नाही. चाचणी कोणी केली, कशाची केली आणि कोणत्या बॅचची, हे हवं. अहवाल मागताना नायट्रोजनवरून काढलेलं प्रोटीन, पूर्ण अमिनो तक्ता, सुटी अमिनो आम्लं वेगळी मोजलेली, आणि शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा या चौघांचे आकडे असं नाव घेऊन मागा. सुट्या अमिनो आम्लांचा आकडा स्पाइकिंग थेट उघडं करतो, म्हणून टाळाटाळ बहुधा तिथेच होते. वनस्पतींच्या प्रोटीनमध्ये आणि चॉकलेट फ्लेवरमध्ये जड धातू जास्त सापडण्याचा धोका असतो, तिथे हा कागद अधिक गरजेचा. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ या, बंदी असलेली द्रव्यं तपासणाऱ्या प्रमाणपत्रांचं चिन्ह पाहून थांबू नये. डब्याच्या तळाशी किंवा झाकणाजवळ छापलेला बॅच क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीशी जुळवून घ्यावा, आणि डबा संपेपर्यंत त्या क्रमांकाचा फोटो जपून ठेवावा.